गोळी चुकलेला रुग्ण समोर बसल्यावर: एआरटी समुपदेशनाचा क्रम

एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं मिळतात त्या केंद्रावर, नव्याने रुजू झालेले काउन्सेलर आणि आउटरीच वर्कर एकच तक्रार सारखी करतात: "आम्ही सगळं नीट समजावून सांगतो, तरी माणूस पुन्हा उशिरा येतो." समजावण्यात सहसा काही चुकत नाही. क्रम चुकतो. उशिरा आलेल्या माणसाच्या कानावर पहिलं वाक्य पडतं ते "एवढे दिवस कुठे होतात?" त्यामागून गोळ्या सोडल्याचे दुष्परिणाम, मग व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूच्या मोजणीची) राहिलेली तारीख, मग "बायकोची तपासणी झाली का?" पुढच्या खेपेला तोच माणूस वेळेवर हजर होतो, गोळ्यांचा हिशेब चोख दाखवतो, "सगळं ठीक आहे" म्हणतो. व्हायरल लोडचा रिपोर्ट मात्र चढलेला येतो.

रुग्णाचं आयुष्य सुसह्य करणं आणि विषाणूचा प्रसार थांबवणं, ही दोन्ही कामं तुमचीच आहेत. माझं मत स्पष्ट आहे: रुग्णाचा दिवस आधी समजून घ्या, कार्यक्रमाची उद्दिष्टं नंतर काढा. या क्रमाने गेलात तर दुसरं काम बहुतेक वेळा पहिल्यातूनच होतं. जिथे खरोखर ओढाताण होते, तिथे काय करायचं ते सातव्या टप्प्यात आहे.

## आधीची तयारी

रुग्ण आत येण्याआधी त्याचं व्हाइट कार्ड (केंद्रात ठेवलेलं उपचाराचं नोंदकार्ड) उघडून पाच गोष्टी बघा: सध्याची औषधं कोणती, मागच्या वेळी किती गोळ्या दिल्या, शेवटचा व्हायरल लोड कधी आणि किती, टीबी किंवा मधुमेहाचं औषध चालू आहे का, आणि मागच्या काउन्सेलरने काय लिहून ठेवलंय. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वगळली जाते. रुग्णाला तेच प्रश्न चौथ्यांदा ऐकावे लागले की तो चौथ्यांदा पाठ केलेलं उत्तर देतो.

खोलीचं दार लागतं का ते बघा. लागत नसेल तर दाराकडे तुमचं तोंड आणि त्याची पाठ येईल अशी खुर्ची ठेवा. ओपीडीच्या गर्दीत पूर्ण नाव पुकारू नका. ठाण्याच्या केंद्रात घोडबंदरचा माणूस बसलेला असतो तसाच त्याच्या गावाकडचाही असू शकतो.

तपासा: संपर्कासाठी दिलेला फोन नंबर नक्की कोणाचा आहे? फोन दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचं, हे रुग्णाने सांगितलेलं कार्डावर लिहिलंय का? नसेल तर आजच विचारून लिहा.

## टप्पा १: पहिलं वाक्य

"आलात ते बरं केलंत." एवढंच म्हणा आणि थांबा. मग चुकणं ही सर्वांचीच गोष्ट आहे असं धरून विचारा: "मावशी, बऱ्याच जणांची एखाद-दुसरी गोळी राहून जाते. तुमची मागच्या आठवड्यात कधी राहिली?" "गोळ्या रोज घेता ना?" हा प्रश्न पूर्ण बंद करा. त्याला "हो" हे एकच उत्तर आहे.

त्यानंतर कालच्या दिवसावर या. काल गोळी किती वाजता घेतली? तेव्हा कुठे होता? शेजारी कोण होतं? बाटली कुठे ठेवली होती? ज्याने खरंच घेतली असते तो झटकन सांगतो. जो अडखळतो त्याला पकडल्यासारखं करू नका, परवाच्या दिवसाबद्दल विचारा.

## टप्पा २: गोळ्यांचा हिशेब

पालन म्हणजे घेतलेल्या गोळ्या भागिले घ्यायला हव्या होत्या त्या गोळ्या, गुणिले १००. रोज एक गोळी असलेल्या रुग्णाची ३० दिवसांत एक राहिली तर पालन ९७ टक्क्यांच्या आसपास, दोन राहिल्या तर ९३. म्हणजे महिन्यात दुसरी गोळी चुकली की पालन ९५ टक्क्यांच्या किमान रेषेखाली जातं. हे गणित रुग्णाला कागदावर करून दाखवा. टक्क्यांपेक्षा "महिन्यात एकपेक्षा जास्त नको" हे चटकन कळतं.

इशारा: हिशेब दर वेळी अगदी तंतोतंत जुळत असेल तर लगेच शाबासकी देऊ नका. ओरडा बसलेली माणसं येण्याआधी उरलेल्या गोळ्या टाकून देतात. मोजणीला पहिल्या टप्प्यातल्या गप्पांची जोड हवी.

## टप्पा ३: कारण शोधा, अंदाज बांधू नका

इथे घाई नको. वेळ कुठे काटायचाच असेल तर बाकीच्या टप्प्यांतून काटा.

ठाणे आणि नवी मुंबईत सारखं दिसणारं पहिलं कारण म्हणजे कामाची पाळी. रबाळे-महापेच्या कारखान्यांत आठवड्याला पाळी बदलते. वागळे इस्टेटमधला सिक्युरिटी गार्ड बारा तास उभा असतो. वाशीच्या भाजी मार्केटमध्ये गाड्या मध्यरात्रीनंतर खाली होतात, त्यामुळे माथाडी कामगाराची रात्र हाच त्याचा दिवस. अशा माणसाला "झोपताना घ्या" हे सांगणं निरुपयोगी आहे.

तरीही खूप जण झोपतानाच घेतात, कारण पूर्वीच्या गोळीत एफाविरेन्झ असायचं. त्याने चक्कर यायची, म्हणून ती रात्री घ्यायला सांगत. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोलुटेग्राविर एकत्र असलेली टीएलडी गोळी मिळते. ती दिवसा कधीही, जेवून किंवा न जेवता घेता येते. उलट डोलुटेग्राविरने काहींची झोप उडते, त्यांना ती सकाळीच बरी. औषध बदललं, पण सवय बदलायला कोणी सांगितलं नाही, असे रुग्ण अजून भेटतात. जुन्या रुग्णाला हा प्रश्न हमखास विचारा.

दुसरं कारण दारू. "दारूबरोबर गोळी चालत नाही" असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. मग ज्या दिवशी प्यायचं त्या दिवशी माणूस प्रामाणिकपणे गोळी सोडतो. त्याला स्वच्छ शब्दांत सांगा: प्यायलात तरी गोळी घ्यायची. दारू कमी करण्याची गोष्ट वेगळी, ती वेगळ्या बैठकीत. दोन्ही एकत्र केलंत तर दारू राहील आणि गोळी जाईल.

तिसरं, लपवाछपवी. तुर्भ्याला एका खोलीत सहा जण राहतात. बाटली हलली की गोळ्या वाजतात. बाटलीत कापसाचा बोळा घातला की आवाज बंद होतो. लेबलची भीती असेल तर आठवड्यापुरत्या गोळ्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत काढायच्या, बाकीच्या मूळ बाटलीतच ठेवायच्या, कारण दमटपणाने त्या खराब होतात. पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीलगत किंवा स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवायच्या नाहीत, हेही सांगावं लागतं.

बाकीची कारणं थोडक्यात. उपवास किंवा रोजा: गोळी दिवसाला एकच आहे, वेळ सेहरी किंवा इफ्तारला बांधता येते. बरं वाटतंय म्हणून थांबवली: विषाणू पुन्हा वाढतो, आणि हिपॅटायटिस बी सोबत असेल तर अचानक थांबवण्याने यकृताला धोका होतो, म्हणून तो अहवाल कार्डात बघा. बाबा-बुवा, काढे: चेष्टा न करता नक्की काय घेतात ते विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. मन उदास आहे, जगण्यात रस नाही असं ऐकलंत तर गोळ्यांचा विषय तिथेच थांबवून डॉक्टरांना बोलवा.

तपासा: मोठ्या खंडानंतर आलेल्या रुग्णाला थेट बाटली देऊन पाठवू नका, आणि रिकाम्या हातानेही नको. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम, हे चार प्रश्न विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांसमोर बसवा.

## टप्पा ४: गोळीला दिवसात जागा द्या

वेळ तुम्ही ठरवू नका. "रोज न चुकता करता असं काय आहे?" एवढं विचारा. भाजी मार्केटमधल्या माथाडी दादांचं उदाहरण घ्या. रात्री दोनला कामावर, सकाळी दहाच्या सुमारास हमाली उरकून चहा आणि वडापाव, मग खोलीवर झोप. रात्री नऊची गोळी त्यांची का राहते, हे इथेच कळतं: त्या वेळी ते झोपलेले असतात किंवा उठून निघण्याच्या गडबडीत असतात. गोळी सकाळच्या चहाला बांधली, दोन गोळ्या पाकिटातल्या छोट्या डबीत राखीव ठेवल्या, सुट्टीच्या दिवशीही वेळ तीच ठेवली, की निम्मा प्रश्न मिटतो. गजर लावायचा तर त्याला एचआयव्हीशी संबंध नसलेलं नाव द्यायचं.

नवी वेळ सुरू करताना मधला एक दिवस सोडू नये. त्या दिवशी गोळी थोडी लवकर घेतली तर चालते.

हे चार नियम रुग्णाकडून परत म्हणवून घ्या:

१. तास-दोन तास पुढेमागे झाले तर घाबरायचं नाही.
२. विसरली आणि त्याच दिवशी आठवली, तर आठवताक्षणी घ्यायची.
३. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत.
४. पित्तासाठी अँटासिड घेत असाल तर टीएलडी त्याच्या निदान २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची.

चौथा नियम हलक्यात घेऊ नका. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड, लोह आणि कॅल्शियम डोलुटेग्राविर शरीरात शोषू देत नाहीत. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. ती एआरटी अगदी नियमित घेत असूनही औषध कमी पोहोचू शकतं. लोह-कॅल्शियमसाठी हेच अंतर पाळा, किंवा जेवणाबरोबर टीएलडी आणि या गोळ्या एकत्र घेतल्या तरी चालतं.

इशारा: टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्राविरची ५० मिग्रॅची जादा मात्रा १२ तासांनी लागते, आणि टीबीचा कोर्स संपल्यावरही दोन आठवडे. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा डोसही तपासावा लागतो. हे निर्णय डॉक्टरांचे आहेत. माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवणं तुमचं काम आहे.

## टप्पा ५: गावाला जाण्याआधीचा साठा

गणपती, दिवाळी, मे महिना, लग्नसराई. सातारा, जुन्नर, कोकणात जाणाऱ्यांच्या गोळ्या याच दिवसांत तुटतात. चार दिवसांसाठी गेलेला माणूस पंधरा दिवस राहतो. म्हणून प्रश्न विचारायचा तो जाण्याच्या महिन्यात नाही, त्याच्या आधीच्या भेटीत.

स्थिर असलेल्या रुग्णाला काही महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात का, ते डॉक्टरांना विचारा. रोजंदारी बुडवून दर महिन्याला ट्रान्स-हार्बरने येणाऱ्या माणसासाठी ही सोय म्हणजे अर्धं समुपदेशन आहे. गावी अडकला तर ग्रीन बुक (रुग्णाजवळ असलेली उपचाराची नोंदवही) दाखवून जवळच्या एआरटी केंद्रातून तात्पुरत्या गोळ्या मिळू शकतात. म्हणून ग्रीन बुक, निदान त्याच्या पानांचा फोटो, सोबत हवा. कायमचंच जायचं असेल तर ट्रान्सफर आउट करून द्या, म्हणजे त्याची नोंद तिकडच्या केंद्राकडे पाठवा. न सांगता निघून गेलेला माणूस तुमच्या यादीत "बेपत्ता" राहतो आणि तिकडे नव्याने नोंद करायला लाजतो. भिवंडीच्या लूममधून उत्तर प्रदेशात परतणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं. १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर बुकच्या पहिल्या पानावर लिहून द्या.

## टप्पा ६: व्हायरल लोड

उपचार सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात, मग सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा. गरोदर स्त्रीची तपासणी ३२ ते ३६ आठवड्यांत होते.

रिपोर्ट दर मिलिलिटरला १००० कॉपीज (विषाणूच्या प्रती) किंवा त्याहून जास्त आला तर लगेच "औषध लागू पडत नाही" असं म्हणू नका. आधी दर महिन्याला वाढीव समुपदेशन, तीन महिने नीट पालन, मग पुन्हा तपासणी. तरीही चढलेलाच असेल तर औषध बदलाचा विचार तज्ज्ञ समितीकडे जातो. गोळ्या नुकत्याच पुन्हा सुरू केल्या असताना घेतलेला नमुना खंडाबद्दलच सांगतो, औषधाबद्दल नाही. यादीतला रकाना भरायचा म्हणून असा नमुना घेण्याचा मोह टाळा.

उपचारावरच्या ९५ टक्के लोकांचा विषाणू दाबलेला असावा, हे आपलं उद्दिष्ट आहे. रुग्णाला या आकड्याशी देणंघेणं नाही आणि नसावं. त्याला त्याचा फायदा सांगा: रोज गोळी घेऊन विषाणू तपासणीत न सापडण्याइतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. एवढं एक वाक्य ऐकून माणसं रडलेली मी पाहिली आहेत. वर्षानुवर्षं स्वतःला धोकादायक समजून ती अंग चोरून जगलेली असतात. सोबत मर्यादाही सांगा: हे स्तनपानाला किंवा एकच सुई वापरण्याला तसंच लागू होत नाही, इतर गुप्तरोगांसाठी कंडोम लागतोच, आणि गोळ्या तुटल्या की हे संरक्षण संपतं.

## टप्पा ७: जोडीदार आणि मुलं

ओढाताण होते ती इथे. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने जोडीदाराची तपासणी लवकर हवी. रुग्णाला घर तुटण्याची भीती असते. हा विषय पहिल्या चार टप्प्यांआधी काढलात तर रुग्ण परत न येण्याची शक्यता जास्त, आणि तो आला नाही तर जोडीदारही तपासणीबाहेरच राहतो.

क्रम असा ठेवा. आधी विचारा, घरी कोणाला माहीत आहे आणि कळलं तर काय होईल. मग पर्याय द्या: तो स्वतः सांगेल, तुमच्यासमोर सांगेल, की दोघं मिळून जणू पहिल्यांदाच तपासणीला येतील. घरी बोलण्याची वाक्यं खोलीतच म्हणून बघायला लावा. तोवर कंडोम द्या आणि कधी सांगणार याची तारीख ठरवा. आई बाधित असेल तर मुलांच्या तपासणीचं बोलणं वेगळं आणि लवकर करा. मूल धडधाकट दिसतं म्हणून थांबू नका.

कायदा नीट माहीत हवा. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७, लागू १० सप्टेंबर २०१८ पासून. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. जोडीदाराला सांगण्याचा अपवाद आहे, पण तो फक्त डॉक्टर आणि काउन्सेलरसाठी, आणि चार अटी पूर्ण झाल्यावरच: जोडीदाराला लक्षणीय धोका असल्याची रास्त खात्री, रुग्णाला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन झालेलं, तरी तो सांगणार नाही याची खात्री, आणि आपण सांगणार आहोत हे रुग्णाला आधी कळवलेलं. मारहाण, घराबाहेर काढणं किंवा तसा गंभीर त्रास होण्याची रास्त भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर हा अपवादही वापरता येत नाही.

इशारा: आउटरीच वर्करने जोडीदाराला सांगायचं नाही. सासूला, दिराला, मुकादमाला, मालकाला तर कोणीच सांगायचं नाही. "त्यांच्या भल्यासाठी" हे कारण कायद्यात बसत नाही.

गोळ्या देण्यासाठी जोडीदाराला घेऊन येण्याची अट घालू नका. औषध अडवून तपासणी वाढत नाही. माणूस मात्र सुटतो, आणि त्याचा विषाणू वाढत राहतो.

## टप्पा ८: जो आलाच नाही

ठरलेली तारीख उलटली की दोन-तीन दिवसांत फोन करा. महिना उलटू देऊ नका. दुसऱ्याने उचलला तर फक्त आपलं नाव सांगा, "नंतर करते" म्हणा आणि ठेवा. घरभेटीला संमती असेल तरच जा. कळव्याच्या चाळीत किंवा घणसोलीच्या गावठाणात अनोळखी माणूस दुसऱ्यांदा दिसला की शेजारी चौकशी करतातच. लाल रिबनचा बिल्ला, संस्थेचं नाव छापलेली पिशवी, फॉर्मची फाइल, यातलं काहीही सोबत नको. त्यापेक्षा रुग्ण म्हणेल तिथे, स्टेशनबाहेर किंवा कामाच्या गेटपासून दूर भेटणं चांगलं. घरी यायला त्याने नकार दिलेला असेल तर तो नकार पाळा आणि फोन चालू ठेवा.

भाडं नाही म्हणून थांबलेल्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या कागदपत्रांत मदत करा. उत्पन्नाचा दाखला आणि वैद्यकीय दाखला, इथेच अर्ज अडतात. वैद्यकीय दाखला कोणाच्या हाती जाणार आहे, हे अर्ज देण्याआधी रुग्णाला सांगा.

## टप्पा ९: नोंद

रुग्ण उठण्याआधी लिहा. "समुपदेशन केले, औषधे नियमित घेण्यास सांगितले" ही नोंद कोणाच्याच उपयोगाची नाही. अशी लिहा: "रात्रीचं काम. गोळी सकाळी १० वाजता चहाबरोबर. अँटासिड घेतो, अंतर समजावलं. पत्नीला माहीत नाही, पुढच्या भेटीत दोघं तपासणीला येण्याबद्दल बोलायचं. फोन दुपारी ४ नंतर, स्वतः उचलला तरच बोलणं. गणपतीला जुन्नर, जादा साठा लागेल."

पुढची तारीख देताना त्याच्या पाळीचं वेळापत्रक विचारा, सुट्टीच्या वारी जमत असेल तर तोच वार द्या, आणि ती तारीख ग्रीन बुकमध्ये त्याच्यासमोर लिहा.